पुरे

रात्रपाळीत चार नंबरच्या टाकीनं काम टाकलं.
पावणेदोन वाजले होते. बाहेर उणे बावीस,
कोत्काच्या बंदरात बर्फ फोडणारी बोट
करकर दात खात पुढं सरकत होती.
नवा पोरगा वेर्नेरी, त्यानं नळी चुकवली :
लॅक्टोजच्या जागी ग्लुकोजचं पिंप.
म्हणाला, हिल्क्का, बुरशी मेली का?

मेली नाही रे. जेवतेय.

बुरशीचं पोट अंगाबाहेर असतं.
ती आधी पचवते, मग गिळते.
तंतूचं जे टोक वाढतं, तिथूनच
बाहेर सोडते आपली कात्री.
लाकूड, कागद, कुजका तागा,
सगळ्यांच्या लांबच लांब साखळ्या
कापत सुटते ती.
तोंडाला पाणी सुटतं म्हणतो ना, तेच हे.

पण ते पाणी उगाच सुटत नाही.
झाड काही तंतूत मावत नाही,
मग तिला कळतं कसं, बाहेर झाड आहे?
थोडी कात्री ती कायम बाहेर ठेवते,
आंधळ्यानं काठी पुढं धरावी तशी.
एखादा तुकडा निघतो, दोन मण्यांची साखर,
आत झिरपतो,
आणि शितावरून ती भाताची परीक्षा करते.
मग केंद्रकात कुणी जागं होतं, चुली पेटतात,
प्रथिनं घडीवर घडी घालून फुग्यांत भरली जातात
आणि टोकाकडे निघतात, रात्रभर.

आयती साखर आली की मात्र
दुसरं एक जनुक उठतं.
त्याचं प्रथिन नेमकं त्याच ओळींवर येऊन बसतं,
ताटावर आडवा हात धरावा तसं.
पुरे.

हा हात मी पाहिलाय.
माझे वडील किमीच्या नदीतून ओंडके वाहून नेत.
लहानपणी त्यांनी पाइनच्या सालीची भाकरी खाल्लेली.
आतली साल सोलायची, वाळवायची, भाजायची, कुटायची,
राईच्या मूठभर पिठात कालवायची.
"पोट भरायचं," ते सांगत, "पण अंगी लागायचं नाही."
माणसाच्या पोटात ती कात्री नसते
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
पुढं बरे दिवस आले,
लापशीच्या मधोमध लोण्याचा पिवळा डोळा दिसू लागला,
तरी दुसऱ्या डावाला
वाटीवर त्यांचा हात आडवा.
पुरे.
पोट भरलेलं नसायचं. आईला ते माहीत असायचं.
डाव तसाच धरून ती उभी राहायची, वाफ जाईपर्यंत.

पलीकडं सहा नंबरात दुसरा वाण आहे.
कधीतरी कुणी बीजाणूंवर किरण सोडले,
हजारो ठिपक्यांतून एक ठिपका उचलला,
त्याचं ते जनुक मधेच तुटलेलं.
साखरेत बुडूनही तो गाळत राहतो, गाळतच राहतो.
जीन्स मऊ करणारं, कोंबड्यांचं खाद्य पचवणारं,
सगळं त्याच्या जिवावर. आमचा पगारसुद्धा.
अहवालात त्याचं कौतुक असतं.
मी त्याची टाकी धुते, पण
मला तो आवडत नाही.
त्याला दुसरा डाव नाकारता येत नाही.

वेर्नेरीला म्हटलं, नळी बंद कर.
आता काही ओतू नकोस. संपू दे.
आम्ही कॉफी घेतली. त्यानं मुलीचा फोटो दाखवला,
तोंडभर लापशी, कपाळालाही लापशी.
साडेचारला ऑक्सिजनची रेघ
एकदम उभी चढली.
म्हणजे ताट रिकामं.
मग लॅक्टोज, थेंब थेंब.

माझी पाळी सहाला संपली.
मी गेले नाही.
अकराला बंदरावर उजेडासारखं काहीतरी आलं,
मी नमुना गाळला, रसायन टाकलं, उकळलं,
नळी खिडकीशी धरली.
पिवळं पाणी
किंचित, अगदी किंचित
विटकरी झालं होतं.